विद्यार्थ्याचं अकाउंट आणि गावाबाहेरचा दगड

कॉलेजात शिकत असताना इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर आपलं स्वतःचं एक अकाउंट वाढवावं, असं आता जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो विषय निवडताना. कॉलेजची मजा, अभ्यासाचं मोटिव्हेशन, थोडं ट्रेकिंग, थोडं खाणंपिणं असं सगळं एकत्र घेऊन सुरू झालेली अकाउंटं पहिलं सेमिस्टर जोरात चालतात आणि परीक्षेच्या सुमाराला थंडावतात. एखादी रील चालून जाते, पण ती पाहून आलेल्या माणसाला उद्या पुन्हा इथे का यायचं, हे काही कळत नाही. विद्यार्थ्यापाशी पैसा नसतो, भारी कॅमेरा नसतो, वेळही तुटपुंजा असतो. मात्र प्राध्यापकांकडेही सहसा न उरलेली एक गोष्ट त्याच्यापाशी असते. आज जे समजलं ते कालपर्यंत का समजत नव्हतं, हे त्याला अजून नीट आठवत असतं. समजावून सांगायला यापेक्षा मोठं भांडवल नाही. आणि ते नाशवंत आहे. दोन वर्षांनी तोच विषय इतका अंगवळणी पडतो की नवख्याला नेमकं कुठे अडतं ते दिसेनासं होतं.

म्हणून अकाउंटचा विषय अभ्यासाच्या पोटातूनच निघावा, आणि तो हट्टाने अरुंद ठेवावा. इथे एकच उदाहरण धरून बोलते: इतिहास किंवा पुरातत्त्व शिकणारी, पुणे-सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या तालुक्यातली विद्यार्थिनी, आणि विषय वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीत उभारलेला दगड. देवळाच्या आवारात, पाराला टेकून, गावच्या वेशीपाशी हे कोरीव दगड उभे असतात. लोक जाता-येता हात जोडतात, शेंदूर लावतात, पण दगडावर काय कोरलंय हे सांगणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं. ‘किल्ले’ हा विषय घेतला असता तर? जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत 12 किल्ले गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ड्रोनमधून घेतलेल्या किल्ल्यांच्या दृश्यांना आज तोटा नाही. हातात फक्त फोन असलेल्या मुलीने त्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही. वीरगळासमोर मात्र ड्रोनचा काडीचा उपयोग नाही. तिथे जवळ जाऊन, उकिडवं बसून बघावं लागतं.

वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते किंवा पडलेला वीर असतो. गाईगुरांची रांग कोरलेली असेल तर गावाचं गोधन राखताना तो पडला असं समजतात. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या असतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर कलश, अनेकदा बाजूला चंद्र-सूर्य. चौकटी साधारण तीन-चार असतात. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांची एक रांग आहे, त्यांवर चक्क जहाजांची लढाई आहे. यादव आणि शिलाहार या राजघराण्यांतल्या युद्धाशी ती जोडली जाते.

आता व्हिडिओचं पहिलं वाक्य बघा. ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण वीरगळ म्हणजे काय ते जाणून घेणार आहोत’ असं म्हणेपर्यंत चार सेकंद जातात आणि बघणारा अंगठा सरकवून पुढे निघून जातो. त्याऐवजी पडद्यावर दगडाची खालची चौकट आणि आवाजात एवढंच: ‘या दगडावरची गोष्ट खालून वर वाचतात.’ नजर आपोआप खाली जाते आणि वर काय आहे ते बघायला थांबते. ही युक्ती वाटेल, पण नाही. विषयातली खरी अडचणच पहिल्या वाक्यात आली आहे. सगळे वरून खाली वाचायला जातात आणि म्हणून गोष्ट लागत नाही. प्रत्येक विषयात असा एक उलटा धागा असतो. फार्मसीच्या मुलाला तो औषधाच्या पाकिटावरच्या बारीक अक्षरात सापडेल, कृषीच्या मुलीला कांद्याच्या पातीवरच्या डागात. तो सापडेपर्यंत कॅमेरा सुरू करू नये.

मराठीत सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण 130 शब्द होतात. 45 सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे 100 शब्द, त्याहून जास्त नाही. हे शंभर शब्द आधी कागदावर उतरवावेत आणि मोठ्याने वाचून बघावेत. ज्या वाक्यात श्वास पुरत नाही ते तोडावं. ‘सदर शिल्पामध्ये योद्ध्याचे चित्रण करण्यात आलेले आहे’ हे परीक्षेच्या पेपरात चालेल. तोंडाने बोलायचं तर ‘हा बघा तो, ढाल घेतलेला’ एवढं पुरे. एका व्हिडिओत एक दगड आणि त्या दगडावरची एकच नवी गोष्ट. दोन गोष्टी सुचल्या तर दोन व्हिडिओ होतात, आणि विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात ते सोयीचंच असतं.

चित्रीकरणात निम्म्याहून अधिक यश उजेडावर असतं, आणि इथेच सगळ्यांत जास्त माती होते. वीरगळाचं कोरीवकाम उथळ असतं, झिजलेलंही असतं. उजेड समोरून पडला की सावल्या मरतात आणि दगड सपाट दिसतो. उजेड बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून यायला हवा. म्हणून ‘सकाळी लवकर जा’ हा सरसकट सल्ला खरा नाही. दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी ऊन थेट समोरून येतं. त्याच्यासाठी अकरा-साडेअकराची वेळ बरी, ऊन तेव्हा वरून तिरकं घसरतं. दक्षिणेला तोंड असलेल्या दगडाला मात्र सकाळचं कोवळं ऊन बाजूने मिळतं. आधी नुसतंच जाऊन यावं, फोनमधल्या होकायंत्रावर दगडाची दिशा बघून टिपून ठेवावी आणि मग वेळ ठरवावी. दगड झाडाच्या किंवा देवळाच्या सावलीत असेल तर मैत्रिणीला टॉर्च घेऊन बाजूला उभं करावं. टॉर्च दगडापासून हातभर लांब, आणि झोत दगडाच्या अंगाला घासून जाणारा. टॉर्च हळूहळू फिरवली की न दिसणारी ढाल, घोड्याची मान, अप्सरेचा हात एकेक करून उमटतो. वीरगळाच्या व्हिडिओतला हा सगळ्यांत सुंदर क्षण असतो आणि त्याला कुठलंही संगीत लागत नाही.

काळा बेसाल्ट आणि मागे पांढरं आकाश अशी चौकट घेतली की फोन आकाशाच्या हिशोबाने उजेड कमी करतो आणि दगड कोळशासारखा येतो. आकाश चौकटीबाहेर ठेवावं, दगडावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत. खालची चौकट पुष्कळदा अर्धी जमिनीत गाडलेली असते. ती उकरायची नाही. दगड हलू शकतो, आणि आजूबाजूच्या मातीतला पुरावाही विस्कटतो. फोन उलटा धरला की लेन्स जमिनीपासून दोन बोटांवर येते आणि जेवढं वर आहे तेवढं व्यवस्थित मिळतं. अक्षरं किंवा आकृती उठून दिसावी म्हणून खडू फासणं, पीठ लावणं, पाणी किंवा तेल ओतणं हे सगळं वर्ज्य. एका रीलसाठी लावलेला खडू दगडाच्या रंध्रांत राहतो, आणि बघणारे शंभर जण आपापल्या गावात जाऊन तेच करतात. ज्याच्यामागे लोक आहेत त्याच्यावर ही जबाबदारी जास्त आहे.

प्रत्येक दगडाचे सहा-सात तुकडे घ्यावेत: पूर्ण दगड, प्रत्येक चौकट वेगळी, माथा, आणि दगड गावात नेमका कुठे उभा आहे ते दाखवणारा एक लांबचा. प्रत्येक तुकडा आठ सेकंद हात न हलवता. वापरताना तीनच सेकंद लागतात, पण सुरुवातीचं आणि शेवटचं हलणं कापायला जागा उरते. शिवाय पट्टी शेजारी ठेवून एक स्थिर फोटो घ्यावा. तो व्हिडिओसाठी नाही, नोंदीसाठी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा तर आधी परवानगी लागते. देवळाच्या आवारात पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना विचारूनच कॅमेरा काढावा. त्यातूनच पुढच्या दगडाचा पत्ता लागतो.

आवाज जागेवर घेऊ नये, वारा लागतो. घरी किंवा होस्टेलवर नंतर घ्यावा. पंखा बंद, खिडकी बंद, तोंड कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे. कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक पुरेसा आहे, तो हनुवटीखाली एका वितेवर असावा. या माइकच्या डबीवर फोन आणि कॅमेरा अशी दोन खटक्यांची सोय असेल तर खटका फोनवर आहे ना हे बघून घ्यावं, नाहीतर पूर्ण वाचन होऊन जातं आणि आवाज एकतर येत नाही किंवा पुसट येतो. फोनला गोल हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा जो जोड लागतो, तो माइक ओळखणारा घ्यावा. काही जोड फक्त ऐकण्याच्या कामाचे असतात. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकणं एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ त्रास वाचतो. चेहरा दाखवून बोलायचं असेल आणि खोलीत स्वस्त एलईडी दिवा असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की पट्टे जातात.

पुढचा भाग मराठी अकाउंटांनी सगळ्यांत हलक्यात घेतलेला आहे: पडद्यावरची अक्षरं. पुष्कळ लोक बसमध्ये, वर्गात, घरात झोपलेल्या माणसांच्या शेजारी आवाज बंद करून बघतात, म्हणून मजकूर हवाच. पण एडिटिंगच्या काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात. ‘शिल्प’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, ‘ल्प’ मधला हलन्त सुटा दिसतो. ॲप बदलून बघावं. तेही जमत नसेल तर मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये तयार करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवावा. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचे, मुक्त आणि मोफत असलेले मुक्ता किंवा बलू घ्यावेत. मुक्ता छोट्या आकारातही वाचता येतो, बलू शीर्षकाला चांगला. आपोआप तयार होणारी सबटायटलं तशीच सोडू नयेत. ‘वीरगळ’ हा शब्द यंत्राने कधी ‘वीर गळा’ ऐकला तर कधी ‘विरघळ’, आणि ज्या व्हिडिओत मुख्य शब्दच चुकलाय तो जाणकार माणूस पुढे पाठवत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ मधला फरक, ‘ॲ’ वरचा चंद्र हेही बघावं. मजकूर चौकटीच्या मधल्या भागात असावा. उभ्या व्हिडिओचा खालचा साधारण पाचवा भाग ॲपच्याच नाव आणि कॅप्शनखाली झाकला जातो, उजवीकडे बटणांची रांग येते. कितीतरी चांगली वाक्यं त्या पट्टीखाली गाडली गेली आहेत.

नावाचाही विचार आधीच करावा. इन्स्टाग्रामवर युजरनेम रोमन लिपीत असतं, पण त्याखालचं ‘नेम’ शोधात येतं, तिथे ‘वीरगळ’ देवनागरीत लिहावं. लोक हा शब्द रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहून शोधतात, ‘व्ही-आय’ने काय, दोन ‘ई’ लावून काय. यूट्यूबच्या वर्णनात 5,000 अक्षरं मावतात, तिथे या सगळ्या तऱ्हा, सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड) आणि गधेगाळ (शापाचं शिल्प असलेला दानलेखाचा दगड) हे शेजारचे शब्द, गाव आणि तालुका लिहावा. गावाचं नाव शीर्षकातच यावं. गावाच्या नावाने शोधणारी माणसं थोडी असतात, पण ती शेवटपर्यंत बघतात.

आणि मग आकडे. रील टाकल्यानंतर पहिला तासभर ‘व्ह्यूज’कडे बघत बसण्यातून शिकण्यासारखं काही मिळत नाही. दोन दिवसांनी इनसाइट्स, म्हणजे ॲपमधली आकडेवारी, उघडून तीनच गोष्टी बघाव्यात. पहिली, लोक कुठे सोडून गेले त्याची रेषा. ती पहिल्या तीन सेकंदांतच कोसळली तर सुरुवात चुकली. मधे एका जागी खड्डा असेल तर तिथे नेमकं काय बोललो ते ऐकावं, बहुधा तिथे एखादं सन-सनावळीचं वाक्य सापडतं. रेषा हळूहळू उतरत गेली तर व्हिडिओ फक्त लांब झालाय. दुसरी, बघणाऱ्यांत फॉलो न करणारे किती. ते वाढले तरच नवी माणसं येतात. तिसरी, किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं की बघण्याचा वेळ, लाइक आणि पाठवणं हे तीन सर्वांत मोठे संकेत, आणि ओळखीच्या वर्तुळाबाहेर पोचायला त्यातलं पाठवणं महत्त्वाचं. हे माहीत नसतानाही अंदाज आला असता, कारण वीरगळाचा व्हिडिओ माणूस पाठवतो तो ‘अरे, आपल्या म्हसोबाशेजारी पण असाच आहे बघ’ म्हणून. व्हिडिओच्या शेवटी ‘लाइक करा, फॉलो करा’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या गावात असा दगड कुठे आहे?’ हा प्रश्न म्हणूनच जास्त काम करतो. त्याला उत्तर असतं.

खरी वाढ इथून सुरू होते, आणि ती इन्स्टाग्रामच्या बाहेर होते. गावातल्या ज्यांना त्या दगडाची माहिती आहे अशा आजोबांकडे इन्स्टाग्राम नाही. त्यांच्यासाठी तोच व्हिडिओ फाइल म्हणून व्हॉट्सॲपवर गावच्या ग्रुपमध्ये द्यावा. ते व्ह्यूज आपल्या खात्यात मोजले जात नाहीत. पण उलट्या टपालाने फोटो येतात, आणि ते फोटो म्हणजे पुढचं सहा महिन्यांचं काम. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि त्यातली तारीख, ठिकाण वगैरे दडलेली माहितीही गळून पडते. डॉक्युमेंटमध्ये ती बहुधा शाबूत राहते. पाठवणाऱ्याला ‘नाव दिलं तर चालेल का काका?’ असं विचारावं आणि होकार आला तरच व्हिडिओत नाव घ्यावं. ज्या काकांचं नाव एकदा आलं ते स्वतःहून तालुकाभर तो व्हिडिओ फिरवतात. मात्र एकाकी, रानात पडलेल्या दगडाचं नेमकं ठिकाण जाहीर करू नये. गुप्तधनाच्या खुळापायी असे दगड उपटले आणि फोडले जातात. गावाचं नाव पुरे, नकाशावरची खूण नको.

विकत घेतलेल्या फॉलोअर्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती खाती बघत नाहीत, पाठवत नाहीत, आणि कंपनीने खोटी खाती साफ केली की एका रात्रीत गळतात. बघणाऱ्यांचं प्रमाण घसरतं ते वेगळंच. ‘तू मला कर, मी तुला करतो’ हाही तसाच आतबट्ट्याचा व्यवहार.

इतिहासाचा विषय महाराष्ट्रात थंड डोक्याने ऐकला जात नाही, हे मनाशी धरूनच उतरावं. हा वीर कोणत्या जातीचा, कोणत्या घराण्याचा, अमुक राजाचा सैनिक का म्हटलं नाही, यावरून कमेंटमध्ये रण पेटतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच वीरगळांवर लेखच नसतो, त्यामुळे नाव सांगता येत नाही. ‘यावर नाव कोरलेलं नाही, म्हणून हा कोण ते दगडावरून सांगता येत नाही’ हे वाक्य व्हिडिओत स्पष्ट म्हणावं. गावची आख्यायिका सांगायची तर ‘गावात असं सांगतात’ म्हणून सांगावी. जिल्ह्याच्या गॅझेटियरमधली, म्हणजे सरकारी माहितीग्रंथातली, माहिती घेतली असेल तर कॅप्शनमध्ये तसं लिहावं. नको ते शब्द असलेल्या कमेंट लपवणाऱ्या इन्स्टाग्रामच्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये शिव्यांची यादी देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही लिप्यांत भरावी. रोमनमध्ये लिहिलेल्या मराठी शिव्या यंत्राला सहसा कळत नाहीत. जाणकाराने दाखवलेली चूक मात्र लपवू नये. टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ नंतर बदलता येत नाही, पण कॅप्शन बदलता येतं आणि कमेंट वर पिन करता येते. दुरुस्ती पिन करणाऱ्या अकाउंटवर लोकांचा विश्वास बसतो, आणि प्राध्यापकांचाही.

वेळेचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला तर आठवड्याला एक चांगला व्हिडिओ करायला सात-आठ तास जातात. रविवारी अर्धा दिवस दगडांपाशी, एक तास लिहिण्याचा, दोन तास जुळवणीचे, बाकी उत्तरं देण्याचे. रोज एक रील टाकायचा सल्ला विद्यार्थ्याने मनावर घेऊ नये. एका फेरीत तीन दगड झाले तर तीन आठवडे निघतात. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर 75 दिवस आधीपर्यंत पोस्ट लावून ठेवता येते, यूट्यूबवरही वेळ लावता येते. परीक्षेचा महिना असा आधीच भरून ठेवावा आणि ॲप फोनमधून काढून टाकावं. पोस्ट ठरल्या वेळी जातेच.

पैशाचा विषय आला की आधी आकडे नीट कळावेत. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास बघणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आणि शॉर्ट्सच्या वाटणीतले 45 टक्के बनवणाऱ्याला मिळतात. वीरगळासारख्या विषयावर यातून मेसचं बिल भागेल अशी आशा धरू नये. आठ-दहा मिनिटांचे सावकाश व्हिडिओ असतील तर 4,000 तास तरी आवाक्यात येतात, नुसत्या शॉर्ट्सवर 1 कोटी व्ह्यूज गाठणं अवघडच. ट्रेकिंगचे बूट, बॅग, क्लासची जाहिरात असं काही समोरून आलं तर फुकट मिळालेली वस्तूही जाहिरातच धरली जाते. ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शनानुसार ते स्पष्ट सांगावं लागतं. मराठीत बोललात तर ‘जाहिरात’ हा शब्द मराठीतच, पडद्यावर दिसेल असा हवा. एखाद्या कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि ठेवून घेतल्या तर जुलै 2022 पासून त्यावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा आयकर, लागतो. पॅन कार्ड मागितलं की घाबरायचं कारण नाही, पण समजून द्यावं. पैसे घेऊन केलेल्या रीलला सिनेमाची गाणी लावू नयेत. ॲपमधली ती गाणी व्यावसायिक वापरासाठी नसतात.

अकाउंट चोरीला जाण्याची वाटही ठरलेली आहे. ‘तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत इथे अपील करा’ असा मेसेज येतो, लिंकवर हुबेहूब लॉगिनचं पान असतं, घाबरून पासवर्ड टाकला की संपलं. खरी तक्रार ॲपच्या आतच, अकाउंटच्या स्थितीच्या पानावर दिसते. तिथे नसेल तर ती नाहीच. दोन टप्प्यांचं लॉगिन ऑथेंटिकेटर ॲपवर लावावं आणि बॅकअप कोड वहीत लिहून ठेवावेत. आणखी एक, जे हमखास विसरतं: अकाउंट कॉलेजने दिलेल्या ईमेलवर उघडू नये. पदवी झाली की तो ईमेल बंद होऊ शकतो, आणि मग पासवर्ड परत मिळवायची वाटच राहत नाही.

एवढं सगळं नीट जमलं की एक वेगळीच गोष्ट घडू लागते, आणि मला ती सगळ्यांत काळजीची वाटते. आकडे अभ्यासाला वळवू लागतात. ज्या दगडावर हत्ती-घोडे स्पष्ट आहेत, जहाज आहे, सती आहे, तो चालतो. झिजून गुळगुळीत झालेला, फक्त एक रेघ उरलेला दगड चालत नाही. हळूहळू पावलं पहिल्याच प्रकारच्या दगडांकडे वळतात. विद्यार्थिनीच्या वहीत मग फक्त देखण्या वीरगळांची नोंद होते, आणि तालुक्याचं जे चित्र तयार होतं ते खोटं असतं. कोणत्या खोऱ्यात किती दगड, ते एकाच वाटेवर आहेत का, जुन्या घाटवाटेशी त्यांचा संबंध दिसतो का, असे प्रश्न विचारायचे तर झिजलेला दगडही तितकाच मोलाचा. गधेगाळाचंही तसंच. शिलाहारांच्या काळातल्या दानलेखाखाली कोरलेलं, गाढव आणि स्त्री यांच्या समागमाचं ते शापाचं शिल्प ॲपला अश्लील वाटू शकतं, म्हणून ते टाळलं जातं. मग बघणाऱ्यांच्या मनात तो प्रकारच राहत नाही. यावर एकच उपाय मला भरवशाचा वाटतो: नोंदवही आणि अकाउंट वेगवेगळं ठेवणं. दिसला तो प्रत्येक दगड वहीत, निवडलेला अकाउंटवर. अधूनमधून एखादा झिजलेला दगडही मुद्दाम घ्यावा, टॉर्च बाजूने फिरवावी आणि सांगावं की इथे एवढंच उरलंय, यावरून एवढंच कळतं. आकडे कमी येतील. पण त्या व्हिडिओखाली ज्या कमेंट येतात त्या लिहिणारी माणसं पुढे वर्षानुवर्षं सोबत राहतात.

शेवटच्या वर्षात अकाउंटचं काय करायचं हे नोकरी लागण्याआधीच ठरवावं. इन्स्टाग्रामच्या अकाउंट सेंटरमधून आणि गूगल टेकआउटमधून सगळा माल उतरवून घ्यावा. मात्र ॲपमधले व्हिडिओ दाबलेले असतात, म्हणून मूळ तुकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. फाइलच्या नावात गाव, तालुका, तारीख, दगडाचा क्रमांक आणि चौकट एवढं असावं, ‘फायनल’ आणि ‘फायनल2’ नको. पट्टी ठेवून काढलेले फोटो, दगडाची उंची-रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, शेंदूर किंवा ऑइल पेंट लावलेला आहे का, कुणी माहिती दिली, हे सगळं एका तक्त्यात भरून तो कॉलेजच्या इतिहास विभागात आणि त्या-त्या ग्रामपंचायतीत छापील प्रतीत द्यावा. पंचायतीच्या प्रतीत नेमकं ठिकाणही लिहावं, कारण रस्तारुंदीकरणात किंवा देवळाच्या जीर्णोद्धारात दगड हलवायची वेळ आली की तो कुठून उचलला याची नोंद तिथेच लागते.